शीत आकाशाच्या दुर्बिणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



तारे तेजस्वी खरे. परंतु त्यांचा जन्म होतो तो काळोखातच. धूलिमेघांच्या आड चाललेला हा प्रसंग साध्या प्रकाशात दिसत नाही. नवजात ताऱ्याच्या तेजाने धूळ किंचित तापते आणि ती उष्णता दूर-अवरक्त व मिलिमीटर लांबीच्या तरंगांच्या रूपाने बाहेर टाकते. हे तरंग टिपणाऱ्या दुर्बिणींची आखणी कशी होते, याविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

दूर-अवरक्त किरण हवेतील बाष्प शोषून घेते. म्हणून दुर्बीण उंच न्यावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण फुग्याबरोबर हैदराबादेहून आकाशात धाडली, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. युरोपाने साडेतीन मीटर आरशाची ‘हर्शेल’ दुर्बीण २००९ साली अंतराळात सोडली. तिची कल्पना मांडली गेली होती १९८२ साली! सत्तावीस वर्षांच्या तपश्चर्येचे हे फळ चार वर्षेच लाभले. उपकरणे थंड राखणारे द्रवरूप हेलियम २०१३ च्या एप्रिलात संपले.

आरसा थोर असावा की थंड असावा, हा पुढील आखणीतील मुख्य प्रश्न. हर्शेलचा आरसा शून्याखाली सुमारे १९० अंश थंड होता. तरीही त्याच्या स्वतःच्या उष्णतेपुढे दूरच्या आकाशगंगांचा क्षीण प्रकाश भर दुपारच्या निरांजनासारखा लोपे. अमेरिकेच्या ‘प्रायमा’ योजनेतील आरसा अवघा १.८ मीटरचा, परंतु तो शून्याखाली सुमारे २६९ अंशांपर्यंत थंड करावयाचा आहे. आकाराने निम्मा असूनही तो अधिक मंद प्रकाश टिपील, ही त्यामागील युक्ती.

मिलिमीटर तरंगांसाठी चिलीतील पाच हजार मीटर उंचीच्या पठारावर ‘अल्मा’च्या ६६ तबकड्या उभ्या आहेत. त्यांची नजर तीक्ष्ण, पण एका वेळी आकाशाचा लहानसा तुकडाच त्यांना दिसतो. विस्तीर्ण आकाश पाहण्यासाठी ५० मीटरची एकच तबकडी असावी, असा ‘अ‍ॅटलास्ट’चा प्रस्ताव आहे.

प्रत्येक आखणी सिद्धीस जातेच असे नाही. युरोप-जपानची ‘स्पिका’ योजना २०२० साली रद्द झाली. २०२४ साली नासाने प्रायमा व एक क्ष-किरण दुर्बीण अशा दोन योजना अभ्यासार्थ निवडल्या, त्या दोहोंपैकी एकच उडवावयाची या अटीवर.

बंधुभगिनींनो, तरुणपणी आराखडा काढणाऱ्यांचे केस दुर्बीण उडेपर्यंत पिकतात. कित्येकांच्या वाट्यास केवळ आराखडाच येतो. तो मात्र वाया जात नाही. पुढील आखणी त्यावरच उभी राहते. आपल्या घरातील एखादी मुलगी वा मुलगा असे दीर्घ पल्ल्याचे शास्त्र शिकू इच्छील, तेव्हा ‘नोकरी केव्हा लागणार?’ हा प्रश्न आपण थोडा उशिराने विचारावा आणि मंडळाच्या शिष्यवृत्तीचा हात लवकर पुढे करावा, एवढीच आमची नम्र विनंती.