परदेशी जाताना वेष



मुलगा वा मुलगी परदेशी नोकरीस असल्यामुळे आज पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातील आईवडीलही विमानात बसू लागले आहेत. त्यांचे सामान बांधताना घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "तिकडे लुगडे-धोतर कशाला? लोक हसतील." दुसरा म्हणतो, "आम्ही आमचा वेष तसूभर बदलणार नाही." आमच्या मते पहिला भिडेपोटी चुकतो, दुसरा हट्टापायी.

खरे उत्तर आपल्या शिवारातच आहे. मिरची तोडायला निघालेली बाई साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते, डोक्याला फडके बांधते. म्हणून तिची साडी सुटली काय? काम पाहून तिने वेषात भर घातली, इतकेच.

आनंदीबाई जोशी यांनी हेच केले. अठरा वर्षे नुकती पूर्ण झालेल्या आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात पाणी गोठते, आणि नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसण्याचा मार्ग काढला. १८८५ सालचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी जपान व सीरिया येथील दोन विद्यार्थिनी आहेत, आणि तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, क्षयाने गेल्या. क्षय जंतूंमुळे होतो, थंडीने नव्हे, हे खरे. तरीही परमुलखात देह सांभाळणे किती निकडीचे असते, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहून कळते.

आता व्यवहाराचे बोलू. एका जाड कोटापेक्षा दोनतीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. मधली हवा ऊब धरून ठेवते. सुती कपडा भिजला की गारठतो, लोकर ओलसर असतानाही ऊब देते. साडीखाली लोकरी विजार व पायमोजे घालावेत; बाहेरून कोणास दिसतही नाहीत. निऱ्या चार बोटे वर खोचाव्यात, कारण सरकत्या जिन्यात काठ अडकण्याचे भय असते. नवे बूट आधी महिनाभर गावात वापरून पायाशी जुळवून घ्यावेत. विमानात सैल कपडे बरे. फार वेळ बसून पाय सुजतात.

दुसऱ्याच्या देवघराचा मानही राखावा. रोममधील सेंट पीटर्सच्या मंदिरात खांदे व गुडघे झाकलेले लागतात. बँकॉकच्या राजवाड्यातही तसाच दंडक आहे. रेणुकामातेच्या दारी आपण पायताण काढतो, तसेच हे. जवळ एक शाल किंवा उपरणे असले म्हणजे झाले.

तेव्हा मुलांना आमचे सांगणे एवढेच, की आईला ऊब द्या, चांगले बूट द्या. पण तिची साडी लाजेपोटी सोडायला लावू नका. आणि वडीलधाऱ्यांना विनंती ही, की मुलाने आणलेला स्वेटर अंगात घाला. त्याने धोतराचा मान उणावत नाही.