डोंगरावर दुखणं अंगावर काढू नका
(ग्रामसंघाच्या बैठकीतलं मनोगत)



हिमालयातल्या ट्रेकसाठी नावं दिलीत, आनंद वाटला. मीही पहिल्यांदाच चाललेय. आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर पोचली. आपण निदान तयारी तरी नीट करू.

तीन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा सदाशिवगड नाहीतर आगाशिव चढा. आधी मोकळ्या हातानं, मग पाठीवर पाच किलो घेऊन. "रानात राबतोच की," म्हणाल. पण सलग चढाला दम वेगळा लागतो. बूट इथंच वापरून मऊ करा. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांना विचारा.

२५०० मीटरच्या वर हवा विरळ होते. ३००० च्या पुढं रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर नको.

आता मुख्य गोष्ट. 'माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको' म्हणून आपण गप्प बसतो. तिथं हे जिवावर बेततं. डोकं दुखलं, मळमळलं, की लगेच सांगा, आणखी वर चढू नका. त्रास वाढला तर खाली उतरायचं, रात्र असली तरी.

शिखर राहिलं तर पुढच्या वर्षी जाऊ. सगळ्याजणी घरी परत आल्या पाहिजेत.