घराचा दस्त गृहिणीच्या नावे
(पळसदरी येथील भाषण)



महार वतनाच्या जमिनीला गावकीची गुलामगिरी चिकटलेली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली त्याविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. आज आपण स्वकष्टाच्या पैशाने पहिले घर घेत आहात, यात कोणाची मेहेरबानी नाही. कर्जत-खोपोली लोहमार्गावरील या गावीही माझे सांगणे तेच आहे: नोटरीच्या कागदावर विसंबून पैसे मोजू नका. घराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदल्यावाचून मालकी येत नाही. मुद्रांक शुल्क चुकविलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. किंमत कमी दाखवूनही लाभ नाही. शासनाचा बाजारभाव अधिक असेल तर शुल्क त्यावरच लागते.

एक सवलत मात्र घ्याच. १ एप्रिल २०२१ पासून राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्का सूट आहे. वीस लाखांच्या घरावर वीस हजार रुपये. पतीचे नाव जोडले की सूट गेली. पुरुषमंडळी येथेच अडखळतात! हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. आपणांस एक नाव सोडवत नाही काय?

दस्त नोंदला की ग्रामपंचायतीत घरपट्टीही तिच्याच नावे लावून घ्या.