बाळंतिणीचें मन आणि घरांतली मारहाण

(गांवच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आज आम्ही देवाधर्मावर बोलणार नाहीं. आपल्या चुलीपाशीं जें चाललें आहे त्यावर बोलणार आहों. कांहींना तें झोंबेल. परंतु ज्यांना झोंबेल त्यांच्याकरितांच हें बोलणें आहे.

आमच्या वर्गांत एक मुलगा होता. खडू घेण्यास आम्हीं हात वर केला कीं तो डोकें झांकून घेई. आम्हीं त्यास कधीं मारलें नव्हतें. पुढें समजलें कीं, घरीं त्याच्या आईला रोज मार पडे. दुसरें मूल होऊन तिला तीन महिने झाले होते. ती जेवत नसे, रात्र रात्र जागी असे, तान्हें रडलें तरी नुसती पाहत बसे. घरच्यांनीं ठरविलें, बाहेरची बाधा आहे. देवऋषी आला, कोंबडें घेऊन गेला, आणि मार चालूच राहिला. ती एकदां शाळेंत आली तेव्हां आम्हीच तिला म्हणालों, “बाई, मुलांकडे बघून सोस.” देवऋष्यानें तिचें कोंबडें नेलें; आम्हीं शहाणे म्हणविणारांनीं तिचा उरलेला धीर नेला. ही चूक आम्ही आज सभेंत कबूल करतों. अखेर गांवच्या आशाताईनें तिला सरकारी दवाखान्यांत नेलें, आणि भावानें माहेरीं ठेवून घेतलें. मार थांबला, औषध सुरू झालें, तेव्हां कुठें ती तान्ह्याशीं बोलूं लागली.

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडूं येणें पुष्कळ जणींस होतें, आणि तें आपोआप ओसरतें. परंतु पंधरा दिवसांवर उदासी राहिली, झोंप व भूक गेली, तर तो आजार समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें आपल्यासारख्या देशांत बाळंतपणानंतर शंभरांत सुमारें २० जणींस मनाचा विकार होतो. मारहाणीच्या घरांत त्याचें भय अधिक. तो बरा होतो. पण मार चालू ठेवून नुसत्या गोळ्या काय करणार? नांगराचा बैल खालीं बसला तर आपण त्याचा खांदा पाहतों, जूं उतरवितों. घरची लक्ष्मी बसली कीं मात्र पराणी टोंचतों!

१८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. लोक ज्या विधवांस पापिणी म्हणत, त्यांना त्यांनीं दोष न देतां निवारा दिला. १८८२ सालीं ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांस जाब विचारला. त्यांचा जयजयकार करणारे आपण भटाची गुलामगिरी नको म्हणतों, आणि उंबऱ्याच्या आंत स्वतःच धनी होऊन बसतों. हें सत्यशोधन नव्हे.

मार हा घरचा मामला नाहीं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २००६ पासून चालू आहे. हातानें मारणें, शिव्यांनीं छळणें, खर्चास पैसा न देणें, हें सर्व त्यांत येतें. घर तिच्या नांवावर नसलें तरी तेथें राहण्याचा तिला हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्यास खबर शेजाऱ्यालाहि देतां येते. १९८७ च्या कायद्यानें स्त्रीला वकील फुकट मिळतो. अडचणींत १८१ वर फोन करावा. मनाच्या दुखण्यासाठीं १४४१६ वर. जिच्या तोंडीं जीव देण्याची किंवा मुलाचें बरेंवाईट करण्याची भाषा येईल, तिला एकटी सोडूं नये; त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें.

सासूबाईंनो, तुमच्या पाठीवरचे वळ आठवा आणि लेकाचा हात धरा. माहेरच्यांनो, “तुझें घर आतां तेंच” म्हणून रडत आलेल्या लेकीला परत धाडूं नका. आणि बंधूंनो, आज घरीं गेल्यावर तिला एवढेंच विचारा, “तुला काय होतें?” मग ती बोलेपर्यंत गप्प बसा.