सही कोणाची?

(जागतिक आदिवासी दिनानिमित्त शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



९ ऑगस्ट हा दिवस जागतिक आदिवासी दिन म्हणून पाळावा असे संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली ठरविले. या दिवशी आपल्या पालघर-बोईसर भागात तारप्याच्या सुरावर मिरवणुका निघतात, भाषणे होतात. आदिवासींच्या आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम आकडेवारी गोळा करू लागलो. नंतर वाटले की आकडे थोडे मागे राहू द्यावेत आणि आधी स्वतःची एक चूक सांगावी. आजचा विषय मला त्या चुकीनेच शिकविला आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे सिकलसेलच्या तपासणीसाठी पथक यावयाचे होते. वर्गशिक्षक म्हणून संमतिपत्रकांचा गठ्ठा माझ्या हाती आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भरून द्यावयाचा होता. दिवस भातलावणीचे. पालक पहाटेच शेतावर किंवा नाक्यावर मजुरीसाठी गेलेले. अकरा मुलांची पत्रके कोरीच परत आली. पथक दारात उभे, वरून घाई, आणि मुलांचे भलेच होणार अशी माझी खात्री. मी पेन काढले आणि पालकांच्या रकान्यात अकरा सह्या करून मोकळा झालो.

पंधरा दिवसांनी निकालाची यादी आली. चाचणी परीक्षेचे गुण वाचावेत तशी ती मी वर्गात मोठ्याने वाचून दाखविली. नववीतील एक वारली मुलगी 'वाहक' निघाली होती. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे तेव्हा मलाच नीट ठाऊक नव्हते, मग वर्गाला कोठून असणार? मधल्या सुट्टीपर्यंत तिला 'खराब रक्ताची' असे नाव पडले. आठवड्याभरात तिने शाळेत येणे सोडले. बातमी पाड्यावर पोचली आणि तिच्या थोरल्या बहिणीचे जमत आलेले लग्न अडले. मी चौकशीला गेलो तेव्हा तिची आजी ओट्यावर बसली होती. तिने मला पाणी दिले आणि मग शांतपणे विचारले, "गुरुजी, सही तू केली. पोर तुझी काय?"

मित्रहो, बी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात मला या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही.

प्रथम आजाराविषयी थोडे सांगतो, कारण अज्ञानातूनच अर्धे नुकसान होते. रक्तातील तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेल आजारात त्या विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. मग सांधे ठणकतात, रक्त कमी होते, कावीळ दिसते. हा आजार स्पर्शाने होत नाही, पापाने होत नाही, एका ताटात जेवल्याने तर नाहीच नाही. तो आईबापांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आले तर मूल वाहक होते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. आई व बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारात एक असतो. म्हणून तपासणी उपयोगाची आहे. वेळीच कळले तर औषध देता येते, बाळंतपणात काळजी घेता येते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहीम चांगली आहे, आणि सुईच्या टोचणीला माझा विरोध नाही. ज्याच्या बोटाला सुई टोचावयाची त्याला आधी कोण विचारणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझ्यासारखी चूक मोठ्या प्रमाणावरही घडलेली आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस एका प्रकल्पाखाली देण्यात आली. त्यांत आदिवासी वसतिगृहांतील मुली मोठ्या संख्येने होत्या. २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. पुढे तपासात आढळले की अडीच हजारांहून अधिक संमतिपत्रकांवर आईबापांच्या नव्हे, तर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ साली यावर कडक ताशेरे ओढले. प्रकल्पाच्या काळात झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला, आणि ही लस आज जगभर उपयोगी मानली जाते. म्हणजे औषध चांगले असूनही विचारण्याची रीत चुकली, आणि त्यामुळे लोकांचा औषधावरचा विश्वासच उडाला. ही हानी भरून यावयास पिढी लागते.

सातासमुद्रापलीकडेही हेच. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात हवासुपाई नावाची एक छोटी आदिवासी जमात आहे. १९९० पासून तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांची समजूत अशी की हे सर्व मधुमेहासाठी. पुढे कळले की त्याच रक्तावर मनोविकार आणि जमातीचे मूळ स्थान अशा भलत्याच विषयांचा अभ्यास झाला. जमात न्यायालयात गेली. २०१० साली विद्यापीठाला सात लाख डॉलर भरपाई द्यावी लागली आणि उरलेले रक्त परत करावे लागले. ते रक्त त्यांनी आपल्या भूमीत नेले. रक्त नेल्यावर त्याचे काय करता, हा अडाण्याचा प्रश्न नाही, हे यावरून दिसते.

याउलट आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम सुरू केले. आरंभी त्यांनी तेथे सिकलसेलचा शोध घेतला, तो मोठ्या प्रमाणात आढळलाही. परंतु लोकांना त्याचे काही वाटले नाही, कारण तो प्रश्न डॉक्टरांचा होता, लोकांनी विचारलेला नव्हता. डॉक्टरांनी ही गोष्ट स्वतःच पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितली आहे. मग त्यांनी दवाखाना कसा असावा हेही गोंड बांधवांनाच विचारले. मोठी इमारत आणि पांढरे डगले यांची भीती वाटते, रोग्याबरोबर नातेवाइकांना राहता येत नाही, असे लोक म्हणाले. तेव्हा खेड्यासारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला देवी दंतेश्वरीचे नाव मिळाले. विचारल्याने शास्त्राचा दर्जा उतरला नाही. उलट शास्त्र लोकांच्या घरात शिरले.

आता आपल्या अंगणात येऊ. देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ साली चालू झाले. मागोमाग बोईसरची औद्योगिक वसाहत आली. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलवावी लागली. आपल्या कित्येकांच्या घरी चूल पेटते ती याच कारखान्यांवर, हे मी विसरत नाही. पण जे तंत्र आपल्या विहिरीजवळ, समुद्राजवळ, श्वासाजवळ येते, त्याविषयी शेजारच्या पाड्याला कोणी सविस्तर सांगितले, कोणी विचारले? शेजारच्या डहाणू तालुक्याचा अनुभव येथे बोलका आहे. १९९१ साली तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले आणि स्थानिकांना गाऱ्हाणे मांडण्याची एक जागा मिळाली. तेथील औष्णिक वीज केंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली, ती याच मार्गाने. वीज बंद पडली नाही, धूर मात्र सुधारला. प्रश्न विचारावयास जागा असली म्हणजे यंत्रही शहाणे होते.

कायदा तरी काय सांगतो? आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर शंभरांत सुमारे सदतीस माणसे आदिवासी आहेत. जिल्ह्याचा मोठा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. अशा भागासाठी १९९६ साली पेसा कायदा झाला, महाराष्ट्राने २०१४ साली त्याचे नियम केले. या कायद्याने ग्रामसभेला आणि पंचायतीला सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. शाळा आणि दवाखाना ही सामाजिक क्षेत्रेच नव्हेत काय? म्हणजे ती आजी मला जाब विचारीत होती तो उपकार म्हणून नव्हे, अधिकार म्हणून. २००७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी संमत केला. भारतानेही बाजूने मत दिले. आपल्यासाठीच्या आरोग्ययोजना ठरविण्यात सक्रिय भाग घेण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे.

आपण शिक्षकांनी काय करावे? दिल्लीचे धोरण बदलणे आपल्या हाती नाही, पण पत्रकांचा गठ्ठा आपल्याच हाती येतो. तेव्हा पहिली गोष्ट, पत्रक निदान आठवडाभर आधी मागावे आणि ते पाड्यावर, संध्याकाळी, लोक घरी असताना त्यांच्या बोलीत वाचून दाखवावे. नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणू द्यावे. दुसरी गोष्ट, निकाल ही त्या घराची ठेव आहे. ती फळ्यावर लिहू नये, वर्गात वाचू नये. तिसरी गोष्ट, पथकाला विचारावे की रक्त आणि नावे कोठे राहणार, किती दिवस राहणार आणि औषध व सल्ला कोण देणार. आता नोंदी संगणकावर जातात. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हेच तत्त्व आहे. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वारली, कातकरी, मल्हार कोळी घरांतील मुले-मुली परिचारिका, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ आणि डॉक्टर होतील तेव्हाच हा सहभाग खरा. ती मुले आज आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली आहेत.

ज्या समाजाने ही संस्था उभारली त्यालाही दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठविण्याचा अनुभव नवा नाही. अंगठ्याच्या जागी सही यावी म्हणूनच वडीलधाऱ्यांनी पै-पै जमवून शाळा काढल्या. माझे म्हणणे एवढेच की सहीच्याही आधी प्रश्न यावा, आणि शेजाऱ्याची सही आपण करू नये.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आरोग्य सेविकेला बरोबर घेऊन मी पाड्यावर तीन वेळा गेलो. सर्वांसमक्ष माझी चूक सांगितली, वाहक म्हणजे काय ते सांगितले. बहिणीचे ते स्थळ काही परत आले नाही. मुलगी मात्र पाच आठवड्यांनी शाळेत आली आणि दहावीपर्यंत शिकली. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना पालकांच्या सहीसाठी मी तो तिच्या हाती घरी पाठविला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. त्यावर आईची सही होती, वेडीवाकडी, रकान्याबाहेर गेलेली. मुलीने आईला ती रात्री बसून शिकविली होती.