क्षमा मिळाली, पेन्शन मिळतें काय?



अमक्याची शिक्षा माफ झाली, एवढी वार्ता कानीं आली कीं त्याचें गेलेलें सर्व परत आलें, असें आपण समजतों. सैनिकाच्या बाबतींत हा समज बहुधा खोटा ठरतो.

1945 सालच्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या लाल किल्ल्यांत आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, सहगल व धिल्लाँ या तीन अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयापुढें खटला सुरू झाला. मुंबईचे कायदेपंडित भुलाभाई देसाई यांनीं त्यांची बाजू मांडली. राजाविरुद्ध युद्ध केल्याबद्दल तिघेही दोषी ठरले. शिक्षा तिपेडी होती : जन्मठेप काळें पाणी, सैन्यांतून बडतर्फी, आणि थकलेल्या पगाराची व भत्त्यांची जप्ती. देश खवळून उठला. 3 जानेवारी 1946 रोजीं सरसेनापती ऑकिन्लेक यांनीं जन्मठेप माफ केली. बडतर्फी व जप्ती मात्र कायम ठेवली. तिघे जयघोषांत बाहेर आले, पण हुद्दा आणि पगार मागें ठेवून!

तात्पर्य, शिक्षेचा एक पेड देहावर पडतो, दुसरा पदावर, तिसरा भाकरीवर. आज्ञापत्रांत ज्या पेडाचा उल्लेख असेल, तोच सुटतो.

आजही लष्कराच्या नियमांप्रमाणें बडतर्फ झालेल्या शिपायाचा मागील सर्व नोकरीबद्दलचा पेन्शनचा हक्क जातो. अपवादात्मक प्रसंगीं सरकार तें देऊं शकतें, पण रीतसर निवृत्तीच्या दराहून अधिक नाहीं. पेन्शन सुरू झाल्यावरही पुढील सद्वर्तन ही तिची अध्याहृत अट असते. राज्यघटनेच्या 72 व्या कलमान्वयें राष्ट्रपतींना लष्करी न्यायालयाच्या शिक्षेसही क्षमा करतां येते. तथापि शिक्षेंत सूट मिळणें म्हणजे दोष धुऊन जाणें नव्हे.

दंड एकाला होतो, उपास साऱ्या घराला घडतो. म्हणून अशा घरानें दयेचा अर्ज करून स्वस्थ बसूं नये. बडतर्फीविरुद्ध व पेन्शनसाठीं स्वतंत्र दाद मागावी.

आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना 1972 सालच्या स्वातंत्र्यसैनिक योजनेंत स्थान मिळालें. तें वेतन लष्करी चाकरीचें नव्हतें, देशासाठीं सोसलेल्या कष्टांचें होतें. सरसेनापतींच्या क्षमेनें जें दिलें नाहीं, तें देशाच्या कृतज्ञतेनें निराळ्या नांवानें दिलें. त्यासाठीं सव्वीस वर्षें जावीं लागलीं, एवढेंच.