कलती गाडी



गोल्फच्या विस्तीर्ण मैदानावर खेळाडूंना व त्यांच्या सामानाला इकडून तिकडे नेणारी विजेची लहानशी गाडी ही मूळची अमेरिकेची. जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा शहरीं १९५४ सालीं ई-झेड-गो ही कंपनी निघाली आणि पुढें तें शहर या धंद्याचें माहेरघरच बनलें. आपल्याकडे गोल्फ खेळणारे थोडे. पण ही गाडी मात्र आतां आपल्या परिचयाची झाली आहे. मोठ्या रेल्वेस्थानकांच्या फलाटांवर वृद्धांना नेणारी आणि विस्तीर्ण गृहवसाहतींत आजोबा-आजींना दारापासून फाटकापर्यंत पोंचविणारी जी बॅटरीगाडी आपण पाहतों, ती हिचीच बहीण. या गाडीला जडणाऱ्या एका व्याधीविषयीं आज मी बोलणार आहें. ती व्याधि म्हणजे एका अंगास कलणें.

समजा, उतारावर वसलेल्या एका वसाहतींत अशी एकच गाडी आहे. गुडघ्यांनीं हात टेकलेल्या पांचसात वृद्धांचें देवळांत जाणें, दवाखान्यांत जाणें, संध्याकाळीं चार माणसांत बसणें, सारें तिच्यावर अवलंबून आहे. एके दिवशीं लक्षांत येतें कीं, गाडी हांकणाऱ्याच्या बाजूस दोन बोटें खालीं गेली आहे. वळणावर बसणाऱ्याच्या पोटांत गोळा येतो. एक आजी म्हणतात, "मला नाहीं बाई आतां हिच्यांत बसायचें." सभेंत एक मत पडतें कीं, खचलेल्या बाजूस लोखंडाचा ठोकळा ठोकून द्यावा, दुसरें मत पडतें कीं, गाडी मोडींत काढावी. हीं दोन्ही मतें निदानाच्या आधींचीं आहेत. नाडी पाहण्यापूर्वीं मात्रा उगाळणारा वैद्य आणि असा सल्ला देणारा सभासद यांत मला फारसा फरक दिसत नाहीं.

प्रथम गाडीची रचना ध्यानांत घेऊं. तळाशीं धातूचा सांगाडा, त्याच्या खालीं आस, आणि आस व सांगाडा यांच्यामध्यें पोलादी पाटे. एस्. टी.चा पाटा तुटला, हें वाक्य प्रवासांत आपण ऐकलेंच असेल. तोच हा पाटा, आकारानें लहान. पोलादाच्या बाकदार पट्ट्या एकावर एक रचून मध्यें बोल्टानें आवळलेल्या असतात. मुख्य पट्टीच्या दोन्ही टोकांस वेढा दिलेला असतो. एक टोक सांगाड्यास पक्कें, दुसरें शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास जोडलेलें. कारण भार पडला कीं पाटा सरळ होतो, म्हणजेच लांबतो, आणि त्या लांबण्यास वाव लागतो. भार जितका अधिक तितका पाटा अधिक दबतो, हा रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं मांडलेला नियम. दोन्ही बाजूंचे पाटे सारखे आणि भार सारखा, तर गाडी सपाट. गाडी कलली, याचा अर्थ यांपैकीं कांहींतरी असमान झालें आहे.

आतां तपासणी. गाडी सपाट फरशीवर उभी करावी. अंगण डोळ्यांना सपाट दिसतें, पण पाणी वाहून जाण्यासाठीं त्याला गवंड्यानें मुद्दाम उतार दिलेला असतो. म्हणून फरशीवर पाणसळ ठेवून खात्री करून घ्यावी. नंतर गाडी तोंड फिरवून त्याच जागीं उभी करावी. कलाची बाजू बदलली तर दोष फरशीचा, गाडीचा नव्हे. आंत कोणी बसूं नये, सामानही काढून ठेवावें.

दुसरी पायरी हवेची. या गाड्यांच्या चाकांत हवा थोडी असते, सामान्यतः चौरस इंचास २० पौंडांच्या आसपास. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत पाहावा. टायर बुटका व रुंद असल्यामुळें हवा कमी झालेली डोळ्यांना चटकन् दिसत नाहीं. चारी चाकांत मापानें हवा भरावी, आणि समोरासमोरचे टायर एकाच आकाराचे व सारखेच झिजलेले आहेत ना, तें पाहावें. पुष्कळ गाड्यांची व्याधि येथेंच, एका पैशाचा खर्च न होतां, बरी होते.

कल राहिलाच, तर फूटपट्टी घ्यावी. चारी कोपऱ्यांवर फरशीपासून सांगाड्याची उंची मोजून कागदावर मांडावी. येथें एक गोष्ट सांगून ठेवतों. पुढचा डावा पाटा खचला तर त्याचा भार मागच्या डाव्या पाट्यावर जातो आणि मागची उजवी बाजू उचलली जाते. म्हणजे मागील पाटे निर्दोष असूनही गाडी मागूनही कललेली दिसते. चोर पुढें आणि आळ मागच्यावर! यास्तव पुढें सांगाड्याच्या नेमक्या मध्यावर जॅक लावून पुढचीं चाकें जमिनीपासून किंचित् सुटेपर्यंतच गाडी उचलावी. आतां पुढच्या पाट्यांचा संबंध संपला. गाडी सपाट झाली तर दोष पुढें. कललेलीच राहिली तर दोष मागें.

दोषाची बाजू कळल्यावर विजेरी घेऊन पाटे पाहावे. पट्टीवर आडवी चीर आहे काय? मधला बोल्ट तुटून पट्ट्या सरकल्या आहेत काय? वेढ्यांतील रबरी बुश झिजून बोल्ट खालीं बसला आहे काय? शॅकल गंजून अडकला आहे काय? बाहेरून कांहींच दिसत नसेल, तर डावा पाटा उजवीकडे व उजवा डावीकडे बसवून पाहावें. कल बाजू बदलील तर पाटा थकला आहे. कल जागचा हलला नाहीं, तर मात्र सांगाडाच वांकला किंवा कुजला आहे, असें समजावें.

हा शेवटचा प्रकार सर्वांत गंभीर. शिशाच्या सहा बॅटऱ्या असलेल्या गाडींत एकेक बॅटरी सुमारें २८ किलोची, म्हणजे सहा मिळून पावणेदोनशे किलोंच्या जवळपास भार होतो. त्यांत गरजेपेक्षां जास्त पाणी घातलें कीं भारित होतांना आम्ल उतूं जातें, आणि खालच्या पोलादावर ठिबकून तें खातें. ज्या ठिकाणीं पाटा सांगाड्यास लटकतो तें ठिकाण असें खाल्लें गेलें असेल, तर जाणत्या कारागिराकडून दुरुस्ती होईपर्यंत गाडींत एकाही माणसाला बसवूं नये. येथें काटकसर म्हणजे दुसऱ्याच्या हाडांवर लावलेला जुगार होय.

उपचार निदानास अनुसरून असावा. बुश झिजला असेल तर बुशच बदलावा. त्याची किंमत थोडी असते. पाटा थकला असेल तर दोन्ही बाजूंचे पाटे जोडीनें बदलावे, कारण नव्या व जुन्या पाट्यांची कुवत सारखी नसते आणि कल उलट दिशेस जातो. थंड पाटा ठोकून पुन्हा बाक देतात, पण तो पुष्कळदा थोड्याच दिवसांत बसतो. ठोकळा मुळींच नको. त्यानें उंची सारखी दिसते, आंतली चीर मात्र वाढतच राहते. पुढचे पाटे बदलल्यास चाकांची दिशाही तपासून घ्यावी, आणि आठवड्याभरानें सारे बोल्ट पुन्हां आवळावे.

काम करतांना सावधगिरीचे चार नियम पाळावे. किल्ली काढून बॅटरीची मुख्य तार सोडावी. हातांतील अंगठ्या व कडीं उतरवावीं, कारण धातूचा स्पर्श दोन टोकांना झाला तर क्षणांत भाजतें. जमिनीवर राहिलेल्या चाकांना उटी लावावी. आणि केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही शिरूं नये. खालीं भक्कम घोडे लावल्यावांचून पाट्याला हात घालूं नये.

व्याधि पुन्हां होऊं नये म्हणून काय करावें? हांकणारा बहुधा एकटा असतो व एकाच बाजूस बसतो. तो भार टाळतां येत नाहीं. पण पट्ट्यांमधला चिखल धुतां येतो, सांडलेलें आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें निवळून साफ करतां येतें, आणि महिन्यांतून एकदां हवा मोजतां येते.

आपल्या त्या कल्पित वसाहतीची गाडी एका झिजलेल्या बुशापायीं मोडींत निघाली असती, तर नुकसान पैशांत मोजतां आलें असतें; पण त्या आजींचें देवळांत जाणें थांबलें असतें, त्याचें मोल कोणत्या वहींत मांडणार? म्हणून विकण्याचा ठराव करण्यापूर्वीं सभासदांनीं हवेचें माप, फूटपट्टी आणि पाणसळ घेऊन एक सकाळ गाडीपाशीं घालवावी, एवढीच माझी विनंति.